वर्गात एक अंध मुलगी आलीये, वेगळं काय करायचं?

कॉलेजातले सर-मॅडम मला हे नेहमी विचारतात, ॲडमिशनच्या दिवसांत तर हमखास. मी स्वतः अंध आहे आणि अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवतो म्हणून असेल. विचारताना आवाजात जरा धास्ती असते, की आता ब्रेल शिकावी लागणार का, काही महागडं मशीन आणावं लागणार का. नाही हो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आधी नोट्सचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणं बंद करा.

तिच्या मोबाईलवर टॉकबॅक असेल, लॅपटॉपवर बहुतेक एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर. हे एनव्हीडीए फुकट मिळतं, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध माणसाने ते लिहायला घेतलं, आणि ते मराठीही वाचतं (रोबोटसारखं, पण कान तयार होतात). फक्त ते अक्षरं वाचतं, चित्र नाही, आणि फोटो काय, स्कॅन केलेली पीडीएफ काय, त्याच्या लेखी चित्रच. चित्रातली अक्षरं ओळखणारं ओसीआर आहे, मान्य, गुगल डॉक्समध्ये स्वच्छ छापील मराठी पान बऱ्यापैकी निघतं, पण तुमचं हस्ताक्षर त्याला झेपेल याची खात्री नाही, जोडाक्षरांचं काय होईल तेही सांगता येत नाही, मग तिने अभ्यास करायचा की तुमच्या नोट्स दुरुस्त करत बसायचं?

यावर हमखास उत्तर येतं, आम्ही टाइप करूनच देतो. कशात पण? डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये करून आणलं असेल तर स्क्रीनवर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तुम्हाला साधा ‘का’ दिसतो आणि आमच्या हेडफोनमध्ये ‘एच डॉलर एम’! अख्खा धडा असा ऐकून बघा एकदा. त्यामुळे युनिकोडमध्येच टाइप करा, त्यात आतही मराठी अक्षरंच असतात, जुन्या फाइली असतील तर कन्व्हर्टर मिळतात. आणि वर्डमध्ये शीर्षक नुसतं बोल्ड करू नका, हेडिंगची स्टाइल द्या, म्हणजे ती कीबोर्डवर एच दाबत एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाईल, नाहीतर चाळीस पानं वरपासून ऐकत जायचं.

झूमवर तुम्ही स्क्रीन शेअर करता तो आमच्यासाठी नुसता व्हिडिओ असतो, स्क्रीन रीडरला त्यातलं काही मिळत नाही. पीपीटी आदल्या दिवशी पाठवा. फळ्यावर लिहाल ते तोंडाने बोला. अर्थशास्त्राचे सर ‘ही रेषा इथून अशी खाली येते’ म्हणतात तेव्हा आम्हाला खडूचा आवाज तेवढा कळतो, त्याऐवजी ‘किंमत वाढली की मागणी घटते’ म्हटलं की झालं. मुलगा कर्णबधिर असेल तर गोष्ट वेगळी, ओठ वाचणाऱ्याकडे पाठ करून बोललात की त्याचा तास तिथेच संपला.

राहिली परीक्षा. केंद्राच्या नियमावलीप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, ती सांगेल ते लिहिणारा रायटर घेता येतो, कॉम्प्युटरवर पेपर लिहायचीही सोय मागता येते. ही मेहेरबानी नाही, पण अर्ज वेळेत गेला नाही तर ऑफिसवाले हात वर करतात, हेही खरं. तिला काय हवं ते परस्पर ठरवू नका, तिलाच विचारा, आणि पेपर आठवड्यावर आल्यावर नाही, आत्ताच.