अडीच सेकंदांत बसणारा ताल : एसपी-१२०० आणि न्यूयॉर्कचा हिपहॉप

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील न्यूयॉर्कच्या हिपहॉपविषयी रसिक बोलू लागले की त्या आवाजाच्या खरखरीतपणाचा आणि जाडपणाचा विषय निघतोच, आणि त्याचे श्रेय बहुधा त्या शहराला, त्या काळाला किंवा जुन्या तबकड्यांवरच्या धुळीला दिले जाते. माझे मत थोडे रुक्ष आहे. त्या आवाजाचा मोठा हिस्सा एका यंत्राच्या तुटपुंज्या मेमरीतून आला आहे, आणि ते यंत्र म्हणजे कॅलिफोर्नियातील ई-म्यू कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेले एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे तबकडीवरचा आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारे यंत्र.

या संगीताची मूळ गरज अगदी साधी होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत कूल हर्क या डीजेने तबकड्या वाजवल्या. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा सुरू झाला की नाचणारे खुलतात, हे हेरून तो पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर आले आणि हाताने होणारी ही उलटापालट यंत्राकडे गेली. क्वीन्समधील निर्माता मार्ली मार्लच्या लक्षात आले, की तबकडीवरचा स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा) एकच ठोका उचलून आपल्या तालात हवा तिथे बसवता येतो. त्यानंतर कोणत्याही जुन्या वादकाचा ठोका कोणाच्याही बीटमध्ये, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तालात, येऊ शकत होता.

प्रश्न जागेचा होता. एसपी-१२०० मध्ये एकूण सुमारे दहा सेकंदांचा आवाज साठवता येई, आणि एका सॅम्पलची, म्हणजे उचललेल्या तुकड्याची, कमाल लांबी अडीच सेकंद. यंत्र आवाज सेकंदाला २६,०४० वेळा मोजून तेवढे नमुने घेई आणि प्रत्येक नमुना १२ बिटांचा असे. म्हणजे आवाजाच्या चढउतारासाठी ४,०९६ पायऱ्या मिळत. सीडीवर त्या ६५,५३६ असतात. ही सगळी मेमरी हिशेबाने चारशे किलोबाइटच्या आतबाहेर भरते, म्हणजे रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणाऱ्या ‘सुप्रभात’च्या फुलांच्या चित्रालाही पुष्कळदा अपुरी पडेल एवढी.

आता तालाचा हिशेब करून पाहू. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर चार मात्रांचे एक आवर्तन २.६७ सेकंदांचे होते, म्हणजे तबकडीवरचे एक आवर्तनसुद्धा अडीच सेकंदांत मावत नाही. यावर तोडगा निघाला तो असा : मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी टर्नटेबलवर ४५ च्या वेगाने फिरवायची, चिरक्या आवाजात पळणारा तो तुकडा सॅम्पल करायचा, आणि यंत्रात आल्यावर त्याचा सूर खाली उतरवून मूळ वेगाला आणायचा. वेग १.३५ पट झाल्यामुळे तेच आवर्तन दोन सेकंदांहूनही कमी जागेत बसे. शिवाय टर्नटेबलवरची पिचची पट्टी पूर्ण पुढे सरकवली, की आणखी आठ टक्के पदरात पडत. सूर उतरवायचा तो साधारण पाच अर्धस्वर, म्हणजे आपल्या भाषेत मध्यमावर चढून बसलेला षड्ज जवळजवळ पुन्हा जागेवर आणायचा.

काटकसरीचा हा उपाय आवाजाला फुकटात सोडत नसे. सेकंदाला २६,०४० नमुने घेणारे यंत्र फार तर १३ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी पकडू शकते, आणि सूर उतरवल्यावर ती मर्यादा साडेनऊच्या आसपास येते. त्यामुळे झांजेची चमक जाते आणि ठोक्याचे अंग उरते. त्यातही सूर बदलताना एसपी-१२०० मधल्या जागी नवे नमुने मोजून भरत नाही, तर असलेलेच नमुने गाळते किंवा पुन्हा वाजवते, आणि त्यातून मूळ तबकडीवर नसलेली एक धातूसारखी किणकिण आवाजाला चिकटते. ढोलकी आणि घुंगरांच्या एका ध्वनिमुद्रणावर संगणकावर मी हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा अधिक भारदस्त वाटू लागला, उजव्या बाजूच्या थापेची धार बोथट झाली, आणि घुंगरे जवळजवळ नाहीशी होऊन त्यांच्या जागी एक बारीक, बेसूर अशी किणकिण राहिली. लावणीच्या जाणकाराने ते ऐकले असते तर माझी धडगत नव्हती. पण त्या धाटणीच्या बीटखाली ती ढोलकी फार शोभली.

यंत्राच्या मागच्या बाजूला आठ स्वतंत्र आउटपुट होते आणि ते सगळे सारखे नव्हते, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दोहोंवर वरचे स्वर कापणारा बदलता फिल्टर होता, मधल्या चारांवर ठरावीक फिल्टर होता आणि शेवटचे दोन मोकळे होते. त्यामुळे हायहॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) मोकळ्या वाटेने सोडायचा आणि संपूर्ण वाद्यवृंदाचा तुकडा पहिल्या वाटेने सोडून त्यातला केवळ खर्ज गाळून घ्यायचा, अशी कामाची पद्धत पडली. न्यूयॉर्कचा निर्माता पीट रॉक याच्या बीटमध्ये तळाशी फिरणारा जो गोल, दबका बास ऐकू येतो, त्यामागे ही गाळणी आहे. अर्थात कोणत्या तबकडीतला कोणता कोपरा गाळून घ्यायचा, हे यंत्र सांगत नव्हते. तिथे कान लागत असे, आणि पीट रॉकचा कान असामान्य होता.

डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या एका गाण्यातील विनापरवाना सॅम्पलवर न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कठोर निकाल दिला आणि दुसऱ्याच्या गाण्याचा ओळखू येणारा तुकडा वापरणे महागात पडू लागले. जागेअभावी बारीक कापण्याची जी सवय हातांना लागली होती, ती या बदललेल्या परिस्थितीत आपोआप उपयोगी पडली, कारण ठोका-ठोका सुटा करून नव्याने मांडलेला तुकडा सहज ओळखू येत नाही.

आज पुण्या-मुंबईत घरी बसून बीट बनवणाऱ्या कोणालाही एसपी-१२०० चा खरखरीतपणा देणारा प्लगइन, म्हणजे संगणकावरच्या संगीत सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मिळतो. त्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की तो मळ देतो, पण अडचण देत नाही. चार मिनिटांचे अख्खे गाणे सॅम्पल करून त्यावर १२ बिटांचा मुलामा चढवला, तर कापण्याचा, निवडण्याचा आणि सोडून देण्याचा सगळा भाग गळून पडतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळते. मूळ यंत्राचे एक रचनाकार डेव्ह रॉसम यांच्या कंपनीने २०२१ मध्ये एसपी-१२०० पुन्हा बाजारात आणले, तेव्हा फ्लॉपीच्या जागी एसडी कार्ड आले. १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झ हे दोन आकडे मात्र त्यांनी सुधारले नाहीत, कारण नेमक्या त्याच दोन उणिवांसाठी गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार होते.