पेंढीचा आळा

आज हिंगोलीकडं आजोळी दहाव्याला गेलो होतो. धाकटे मामा गेले. थोरल्या मामांनी बांधावरून त्यांच्याशी अबोला धरला होता. नदीवर सारखं एकच, "आरं, एकदा तरी हाक माराया पायजे व्हती." येणारा-जाणारा ‘जाणारा गेला’ म्हणून समजूत घालत होता.

नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं. ज्ञानोबांनी १२९६ साली आळंदीत समाधी घेतली, त्यावरच्या नामदेवांच्या अभंगांत थोरले निवृत्तीनाथ असेच कोलमडतात. बांधल्या पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावं, तसे. गुरू असून, ज्ञानी असून! मामांना तो अभंग वाचून दाखवला. म्हणाले, "पुन्हा वाच."

नामदेवांनी निवृत्तीनाथांचं रडणं झाकलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.