फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर आई आणि मी

क्रूझच्या जहाजातून उतरून धक्क्यावरून चालत वीसेक मिनिटांत गावात पोचलो, तेव्हा फ्रंट स्ट्रीटवरची शटरं नुकती वर जात होती. कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाच्या डच भागाची राजधानी फिलिप्सबर्ग. पुढे ग्रेट बेचा समुद्र, मागे खारं तळं आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर हे गाव वसलंय. १९३९ पासून हे करमुक्त बंदर, म्हणून सोनं, घड्याळं, कॅमेरे, अत्तरं, दारू यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत.

जहाजावर मिळालेल्या नकाशात ठळक छापलेल्या एका दुकानात आम्ही थेट शिरलो आणि १४ कॅरेटची साखळी घेऊन बाहेर पडलो. तासाभराने मागच्या बॅक स्ट्रीटवर जवळपास तशीच साखळी तीस डॉलरने स्वस्त दिसली. आई दिवसभर हळहळत होती. नकाशातली ठळक नावं बहुतेक वेळा पैसे भरून केलेली जाहिरात असते, हे नंतर कळलं. तेव्हा पहिली फेरी नुसती बघत मारा, भाव लिहून घ्या, मधल्या गल्ल्यांतूनही हिंडा.

आपल्या डोळ्यांना २२ कॅरेटची, ९१६ शिक्क्याची सवय असते. इथे दिसेल ते बहुतेक १४ (५८५) किंवा १८ कॅरेट (७५०). वजन विचारा, त्या दिवसाचा भाव फोनवर काढा आणि तिथेच हिशेब करा. पुढे मोडीत घालू म्हणून सोनं घेणार असाल तर इथे घेऊ नका.

आईचं मन रमलं ते लॅरिमारमध्ये. पांढऱ्या शिरांचा हा आकाशी दगड जगात फक्त डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडतो. आम्ही मराठीत कुजबुजत होतो, तेवढ्यात गल्ल्यावरून आवाज आला, "मावशी, बसा ना, पाणी देऊ?" दुकानदार सिंधी, बालपण उल्हासनगरचं! या रस्त्यावर सिंधी दुकानदार बरेच आहेत. सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळात छप्पर उडालं, मग सगळं पुन्हा कसं उभं केलं, हे त्याने सांगितलं. आई जागची हलेना. दगड कसा पारखायचा, तेही त्यानेच शिकवलं: निळाई सगळीकडे अगदी एकसारखी असेल तर शंका घ्यायची, दगड बसवलेल्या चांदीवर ९२५ चा शिक्का बघायचा. ९५ डॉलरची कानातली रोखीत ७५ ला मिळाली. घासाघीस इथे चालते, पण हसतखेळत.

डॉलर सगळीकडे चालतात. स्थानिक चलन मार्च २०२५ अखेरपासून कॅरिबियन गिल्डर आहे, एका डॉलरला १.७९. सुटे परत घेताना डॉलरच मागा, गिल्डर बेटाबाहेर फारसे कुणी घेत नाही. बेटाच्या फ्रेंच बाजूच्या मारिगोला जाणार असाल तर तिथे युरो आहे, हद्दीवर तपासणी नाही.

ग्वावाबेरीची दारू ही इथली नाताळची खासियत. नाव ऐकून पेरूची वाटेल, पण ग्वावाबेरी हे वेगळंच रानफळ आहे. जहाजावर बाटल्या सहसा चढतानाच काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. पुढे विमान असेल तर त्या चेक-इन बॅगेतच घाला. अमेरिकेत राहणाऱ्यांना परतताना साधारणपणे ८०० डॉलरपर्यंतची खरेदी शुल्कमुक्त आहे, पावत्या हाताशी ठेवा.

रविवारी बंदरात जहाज नसेल तर बरीच दुकानं बंद असतात, आणि जहाजं निघाली की संध्याकाळी रस्ता लवकर सामसूम होतो. खरेदी सकाळीच उरका. दुपारी आम्ही किनाऱ्यावरच्या फरसबंद वाटेवर नारळपाणी घेऊन बसलो होतो, आई नवी कानातली घालून.