लहानपणी वडील गेलेली दोन माणसं

लालबागच्या चाळीत सत्तरीतले आजोबा आणि आठ वर्षांची मुलगी गॅलरीत मटार सोलताना दिसली, की समजावं, चांगलं चाललंय. दोघांचेही वडील लहानपणीच गेलेले. अशी जोडी जमते आपोआप, टिकवावी मात्र घरच्यांनी.

समोरासमोर बसवून "बोला आता" म्हटलं की मूल मिटतं. हाताला काम हवं, नजर शेंगांवर. अर्धा तास पुरे, पण वार ठरलेला. आजोबा येणार नसतील तर निरोप आधी द्या. एकदा माणूस गमावलेलं मूल रिकामी खुर्ची बघून भलतंच समजतं.

आजोबांनी सगळी कर्मकहाणी सांगू नये. एकच गोष्ट: "बाबांचा डबा खुंटीला तसाच होता, मी झाकण उघडून वास घ्यायचो." मग गप्प. प्रश्न तीन दिवसांनी जिन्यातही येईल.

"झोपले" हा शब्द टाळाच, मूल रात्री झोपायला घाबरतं. "देवाघरी गेले" म्हटलं तर पाच वर्षांचं पोर परतीची तारीख विचारतं. शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, असं सरळ सांगा. आणि "आता तूच घरातला कर्ता" म्हणणाऱ्या काकांना चहा देऊन वाटेला लावा.

आजोबांचे डोळे भरले तर हरकत नाही. मूल त्यांची समजूत घालू लागलं, तर त्या दिवशी विषय बदला.

पितृपक्षात पान घेऊन दोघांना गच्चीवर पाठवा. पानात बाबांच्या आवडीचं काय वाढायचं, ते मुलीला ठरवू द्या. वडापाव म्हणाली, तर वडापाव.