वाचता येतंय की तुम्हाला! (युडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढतानाचा माझा अनुभव)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 22 वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काम केलंय मी. व्हर्निअरवरची (मापायच्या पट्टीवरची) बारीक रेघ आजपण वाचतो, पण पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांना. कडेची नजर कधी गेली कळलंच नाही, कारण तिथं काळं बिळं काही दिसत नाही हो, तिथं काही नसतंच, मग कळणार कसं? पोरं गाडीवरनं जवळनं गेली की मी शिव्या घालायचो आणि बायको म्हणायची, अहो ते सरळच आले की. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येत नाही, ड्रॉप्स फक्त आहे ते टिकवायला. लेथ सोडला, फिरत्या चकजवळ (काम पकडून फिरवतो त्या भागाजवळ) आपला हात कुठाय ते दिसत नसेल तर काय करणार, मालकानं स्टोअरला बसवलं हे नशीब.

भाचा मागं लागला, मामा कार्ड काढूया. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, सही टाकून त्यानं फॉर्म भरला, दवाखाना निवडला, तारीख आली. हे सोपं गेलं. खरी गंमत सरकारी दवाखान्यात. लांबच लांब लाईन, नंबर आला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मी आपला शाळेतल्या पोरासारखा खाली खालीपर्यंत वाचत गेलो आणि समोरचा म्हणाला, "वाचता येतंय की तुम्हाला, कार्ड कशाला पायजे?" मागं लाईनीत कोणतरी हसलं. फुकटचं काहीतरी लाटायला आल्यासारखं झालं, भाच्याला म्हटलं चल घरी.

बाहेर बाकावर एक सर बसले होते, पूर्ण अंध, बँकेत नोकरीला. आमची बडबड ऐकून त्यांनीच हाक मारली, "पावणं, फील्डचा रिपोर्ट दाखवला का?" मी म्हटलं तो घरी कपाटात आहे, दोन वर्षांमागचा. मग त्यांनी सगळं समजावलं. अपंगांसाठीच्या 2016 च्या कायद्यात नुसती अक्षरं मोजत नाहीत, नजरेचा घेर म्हणजे फील्डपण मोजतात. घेर 40 अंशांच्या खाली गेला की अल्पदृष्टी, आणि 10 च्या आत आला तर अक्षरं वाचता येत असली तरी कायद्यानं अंध. नवीन टेस्ट करून या म्हणाले.

केली. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कुठंही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आता माझा जन्म मशीनचा आवाज ऐकण्यात गेलाय, टूल बोथट झालं की मला कानानं कळतं. त्यामुळं आत बारीक घर्र झालं की दिवा दिसो न दिसो मी बटण दाबतोय! टेस्ट करणारी पोरगी म्हणाली, "काका, आवाजावर दाबू नका, मशीनला कळतंय." सगळं परत पहिल्यापासनं. कार्ड तर पायजे होतं, पण टेस्टमधी पास व्हायची खुमखुमी जात नव्हती. दुसऱ्या खेपेला हात आवरला आणि मग घर्र, घर्र, घर्र, नुसता आवाज, दिवा कुठंच नाही. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला बघा.

रिपोर्ट घेऊन परत गेलो, ह्या वेळी दुसऱ्या मॅडम होत्या, शांतपणे कागद बघितले, 70 टक्के लिहिले. 40 ते 79 ला पिवळ्या पट्टीचं कार्ड, 80 च्या पुढं निळं. साध्या एसटीत मला 75 टक्के सवलत, आणि 65 च्या वर असल्यामुळं बरोबरच्याला निम्मं तिकीट, म्हणजे गारगोटीला सासुरवाडीला जायचं तर बायकोचापण फायदा. तिला माझ्या डोळ्यांपेक्षा ह्याचंच कौतुक जास्त. (गमतीनं म्हणतोय, वाचेल ती.) कंडक्टर अजून कार्डाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघतात. मी सांगतो, दोन डोळ्यांना दोन बुश (लोखंडाच्या पोकळ नळ्या) लावून बिंदू चौकातनं चालून बघा.

त्याच सरांनी घडीची पांढरी काठी घ्यायला लावली. छातीच्या हाडापर्यंत उंच पायजे. उजवा पाय पुढं टाकताना काठी डावीकडं टेकवायची, डावा टाकताना उजवीकडं, म्हणजे पुढचं पाऊल पडायच्या आधी तिथली जागा तपासून होते. पहिले दहा दिवस रंकाळ्यावर पहाटे, ओळखीचं कोण नसताना. आता महाद्वार रोडला बिनधास्त काढतो, गर्दी आपोआप बाजूला होते.

फक्त उद्यमनगरच्या गल्लीत शिरलो की घडी घालून पिशवीत टाकतो. परवा तिथंच चहाच्या गाड्याला धडकलो, दोन ग्लास फुटले. गाडीवाला म्हणाला, "मिस्त्री, सकाळी सकाळी?"