चाळिशीत डी.फार्म. करावं का? माझा अनुभव

डी.फार्म.चा, म्हणजे फार्मसीच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाचा, फॉर्म भरण्याआधी मी एक गोष्ट नक्की केली : आपल्याला फार्मासिस्ट व्हायचंय की मेडिकल टाकायचंय? नोकरीला कंटाळलेली बरीच मंडळी या दोन्हींत गल्लत करतात.

मेडिकलचा परवाना मालकाच्या नावावर निघतो आणि मालक स्वतः फार्मासिस्ट असावा लागत नाही. किरकोळ विक्रीला एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) फॉर्म २० आणि २१ चे परवाने, किमान १० चौरस मीटर जागा, फ्रीज आणि नेमलेला नोंदणीकृत फार्मासिस्ट, एवढं जमलं की दुकान उघडतं. होलसेलला तर पदवी आणि औषधविक्रीतला १ वर्षाचा अनुभव, किंवा दहावी आणि ४ वर्षांचा अनुभव असलेला माणूसही चालतो. म्हणजे भांडवल आहे आणि धंदाच करायचाय, तर दोन वर्षं कॉलेजात बसायचं कारण नाही.

मग कुणी बसावं? ज्याचं दुकान लहान आहे किंवा असणार आहे त्याने. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, हे १९४८च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं. छोट्या दुकानात फार्मासिस्टचा पगार नफा खातो, आणि तो रजेवर गेला की त्या दिवशी चिठ्ठीवरची विक्री कायद्याने बंद. यावर बाजारात सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने घेऊन भिंतीला लावणं. हे करू नका. तपासणीत फार्मासिस्ट जागेवर नसला की परवाना निलंबित होऊ शकतो, आणि सर्टिफिकेट देणाऱ्याचीही नोंदणी धोक्यात येते.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर आधी वय मोजा. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत वयाची सर्वसाधारण कमाल मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. अभ्यासक्रम, ट्रेनिंग, परीक्षा, नोंदणी मिळून तीन वर्षांच्या आसपास जातात, म्हणून आजच्या वयात ३ मिळवून बघा. औषध निरीक्षक व्हायचं असेल तर डिप्लोमा उपयोगाचा नाही, पदवी लागते. अमेरिकेचं डोक्यात असेल तर बी.फार्म.सुद्धा पुरत नाही : २००३ पासून तिथे परदेशी फार्मासिस्टकडे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम मागतात.

डी.फार्म.ला बारावी विज्ञान लागतं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच, सोबत जीवशास्त्र किंवा गणित. कॉमर्सवाल्यांना थेट दार नाही. महाराष्ट्रात प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडून बारावीच्या गुणांवर होतात, सीईटी नसते. सीईटी बी.फार्म.ला लागते. बी.फार्म. चार वर्षांचं, आणि डी.फार्म. झाल्यावर त्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यामुळे माझं मत असं की मध्यमवयात सुरुवात डी.फार्म.नेच करावी. अंगवळणी पडलं तर पुढे जाता येतं, नाही पडलं तरी नोंदणीपुरतं हातात राहतं.

कागदपत्रांत आपल्या वयाचे लोक अडकतात ते तीन ठिकाणी. पहिलं, गॅप. बारावीनंतरच्या सगळ्या वर्षांत काय केलं याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. दुसरं, नाव. लग्नानंतर नाव बदललं असेल तर बारावीची मार्कलिस्ट एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचं असतं. राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच काढा. तिसरं, जात पडताळणी. आपण बारावी झालो तेव्हा अनेकांनी ती केलीच नव्हती, आणि आता अर्जाच्या आठवड्यात ती मिळत नाही. काही महिने आधी अर्ज टाकावा लागतो.

फी संस्थेगणिक वेगळी असते. कॉलेजने सांगितलेला आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या मंजूर आकड्याशी ताडून बघा. ‘हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरा. फार्मसी हा अभ्यासक्रम दूरस्थ किंवा अर्धवेळ होत नाही. थिअरीला आणि प्रॅक्टिकलला स्वतंत्रपणे ७५ टक्के हजेरी हवी. फीपेक्षा हाच खर्च मोठा : दिवसाची नोकरी सुटते. घरखर्चाचे ३६ महिने मांडले, तेव्हा कुठे मला खरा आकडा दिसला.

अभ्यासक्रम भारतीय फार्मसी कौन्सिलच्या २०२०च्या नियमांप्रमाणे चालतो. लेखी पेपर तीन तासांचा, ८० गुणांचा, वर २० अंतर्गत. पास व्हायला ४० टक्के. काउंटरवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांना फार्माकॉलॉजी (औषधांच्या परिणामांचा विषय) सोपं जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. त्यांना ब्रँड पाठ असतात आणि पेपरात विचारतात ते मूळ औषध आणि ते शरीरात काय करतं. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल इथवर सगळे येतात, त्यापुढे गाडी अडते. मी वहीत डावीकडे ब्रँड, मध्ये मूळ नाव आणि उजवीकडे गट लिहून रोज दहा पाठ केले. उलटा क्रम ठेवला की जुनी सवय आड येते.

प्रॅक्टिकलमध्ये इमल्शन, म्हणजे तेल आणि पाण्याचं एकजीव मिश्रण, घाम काढतं. स्थिर (न उडणाऱ्या) तेलासाठी तेल ४, पाणी २, डिंक १ असं प्रमाण. खनिज तेलाला ३:२:१ आणि उडनशील तेलाला २:२:१. कोरड्या खलात तेल आणि डिंकाची पूड एकत्र घोटायची, मग मोजलेलं पाणी एकदम ओतायचं आणि एकाच दिशेने जोरात घोटत राहायचं. रंग पांढराशुभ्र होतो आणि बत्त्याखाली टकटक आवाज यायला लागतो, तेव्हा प्राथमिक इमल्शन जमलं. बिघडतं ते बहुतेकदा खल ओला राहिल्याने, तेल आणि पाणी एकाच मापाने मोजल्याने, किंवा स्वयंपाकाच्या सवयीने पाणी थोडंथोडं घातल्याने. एकदा फुटलं की घोटून सावरत नाही. नव्याने सुरू करणं वेळेच्या दृष्टीनेही स्वस्त.

त्यानंतर ५०० तासांचं ट्रेनिंग, किमान तीन महिन्यांत विभागून. रोज आठ तास धरले तर ६३ दिवस होतात, पण तीन महिन्यांच्या आत ते संपवता येत नाही. त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवर औषध देण्यात जायला हवेत. सही देणारं दुकान शोधण्यापेक्षा शेड्यूल एच-१ची (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीची) नोंदवही खरोखर लिहून घेणारं शोधा : डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध, नग, आणि ती वही तीन वर्षं जपायची. पुढे तपासणीला आलेला माणूस ती वही हमखास मागतो.

आता डिप्लोमा हातात आला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. २०२२च्या नियमांनी डिप्लोमानंतर, नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षा आणली आणि ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, सगळे बहुपर्यायी, इंग्रजीत. प्रत्येकात ५० टक्के आणि तिन्ही एकाच प्रयत्नात. एक गेला की तिन्ही पुन्हा. प्रयत्नांना मर्यादा नाही. तिसरा पेपर कायदा आणि दुकान व्यवस्थापनाचा. तो सोपा समजून शेवटी ठेवतात आणि कलमं, शेड्यूल यांच्या गोंधळात गुण जातात. मी तो सगळ्यात आधी हातात घेतला.

नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. अर्जातलं नाव दहावी-बारावीच्या कागदावरच्या स्पेलिंगशी अक्षर न अक्षर जुळवा. प्रमाणपत्र आल्यावर पांढरा कोट शिवताना खिशावर नाव आणि नोंदणी क्रमांक येईल इतकी जागा ठेवा, कारण फार्मसी व्यवसायाच्या २०१५च्या नियमांत तसा बॅज सांगितला आहे. आणि पाच वर्षांत दोन रिफ्रेशर कोर्स करायचे असतात. ते शेवटच्या महिन्यावर ढकलले की जवळच्या केंद्रावर जागा मिळेलच असं नाही.