लेह, नुब्रा, पँगाँग: मुक्कामाचा क्रम मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना विचारून ठरवा

मुंबईहून विमानाने गेलं की काही तासांत समुद्रसपाटीवरून ३,५०० मीटरवर. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब जेमतेम दोन तृतीयांश. रक्तातला ऑक्सिजन घटतो, तशा मेंदूतल्या बारीक धमन्या रुंदावतात आणि जास्त रक्त आत घेतात. श्वास वाढून कार्बन डायऑक्साइड कमी झाला की त्याच धमन्या आकसूही पाहतात. सुरुवातीचे काही दिवस बहुधा रुंदावणं वरचढ ठरतं, मग रक्तप्रवाह हळूहळू पूर्वपदावर येतो. पहिल्या रात्रीच्या डोकेदुखीला प्रवासाचा शीण समजू नका.

म्हणून लेहमध्ये निदान दोन रात्री काढा. शांती स्तूपाच्या पायऱ्या नंतर चढा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, त्यांनी रात्रीचा श्वास मंदावतो. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वरचेवर जावं लागतं. ऑक्सिमीटर हात गरम करून लावा, गार बोटांवर आकडा चुकतो.

मग नुब्रा खोरं. वाटेतली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर, तिथे पंधरा मिनिटं पुरेत. हुंडरचा मुक्काम ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली. ही रात्र फार मोलाची.

खरी चूक होते ती पुढे. हुंडरहून श्योकच्या रस्त्याने एकाच दिवसात पँगाँग तलावाला जाऊन मुक्काम केला, तर झोपायची उंची एकदम हजार मीटरहून जास्त वाढते. ३,००० मीटरच्या वर ती रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. मधली रात्र तांग्त्से गावात काढा, ते ४,००० मीटरच्या थोडं खाली आहे; हुंडरपासून ही वाढही ५०० हून जास्त, पण लेहच्या सवय झालेल्या उंचीपेक्षा ५०० च्या आतच.

पँगाँगला कुणी बरळू लागलं, किंवा टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालताना झोकांड्या गेल्या, तर मेंदूला सूज आली असं धरा. सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागलेला असतो. सकाळची वाट पाहू नका. गाडीत नळी-मास्कसह ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर हवा, छोटा कॅन काही मिनिटांत संपतो. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं असेल तर ८ मिलिग्रॅम द्या आणि खाली निघा. मात्र लेहच्या सरळ रस्त्यावर चांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. त्यामुळे रस्ता चालू असेल तर तांग्त्से, दुर्बुक, श्योकमार्गे नुब्राकडे उतरा, त्या वाटेत खिंड नाही. उन्हाळ्यात पाणी चढून हा रस्ता बंद पडतो, तेव्हा त्याची चौकशी तांग्त्सेला जातानाच करून ठेवा.